जांभई आवरा, महोत्सव चालू आहे

चित्रपट महोत्सवात काय वाटेल ते चालतं. उशिरा येऊन दुसऱ्याच्या पायांवरून जाता येतं, अंधारात चिवडा खाता येतो, मोबाइलच्या उजेडात वेळापत्रक पाहता येतं. जांभई मात्र द्यायची नाही. ती दिलीत की तुमची रसिकता जागच्या जागी रद्द. जानेवारीत पुण्याचा पिफ, नोव्हेंबरात पणजीचा इफ्फी; दोन्हीकडे गळ्यात पास अडकवलेली माणसं तासभर रांगेत उभी राहतात आणि आत जाऊन, पडद्यावर कुणीतरी रांगेत उभं आहे, हे दोन तास पाहतात. बाहेर आल्यावर चहाच्या स्टॉलपाशी सगळ्यांचे डोळे लाल. ते चिंतनाने झालेत असं समजायची रीत आहे. 'कसा वाटला?' असं कुणी विचारलं की आधी जरा गप्प राहायचं, मग 'फ्रेम्स काय आहेत!' म्हणायचं. (फ्रेम्स असणारच हो. त्यांच्याशिवाय चित्रपट दाखवायची सोय अजून निघालेली नाही.) ज्यांना फ्रेम्सवर बोलायचं नसेल त्यांच्यासाठी साउंड डिझाइन राखून ठेवलेलं आहे. त्यातला सर्वांत खोल, खर्जातला आवाज शेजारच्या खुर्चीतून येत होता, हा विषय कुणी काढत नाही.

खरं तर एवढी लपवाछपवी करायचं कारण नाही. इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी स्वतःच सांगायचे की, थिएटरात डुलकी लागू देणारे चित्रपट आपल्याला आवडतात. तेच पुढे रात्रीची झोप उडवतात. इतक्या मोठ्या माणसाने अभय देऊनही आपला रसिक झोपेतसुद्धा मान ताठ ठेवून, भुवई किंचित उंचावून बसतो. न जाणो, ओळखीचं कुणी पाहिलं तर!

आता पलीकडचा पक्ष. यांचं वाक्य ठरलेलं असतं : 'अहो, पण काही घडतच नाही!' म्हणणारे कोण? तर संध्याकाळी सातपासून टीव्हीसमोर ठाण मांडणारे. मालिकेतल्या सासूबाईंच्या हातून आरतीचं ताट सोमवारी निसटतं आणि शुक्रवारी जमिनीवर पडतं. मधल्या दिवसांत घरातल्या एकूण एक माणसाचा चेहरा तीन-तीनदा, विजांच्या कडकडाटासह. आत्याबाईंचा, दिरांचा, एकदा तर नुसताच दरवाज्याचा. त्या मानाने संथ चित्रपटांसाठी प्रसिद्ध रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की म्हणजे धावपळीचं काम. तरी मालिका संथ आहे अशी कुणाची तक्रार नाही, कारण मागे सतत काहीतरी वाजत असतं. आपल्याकडे वाजतंय म्हणजे घडतंय, असा हिशोब आहे. वाजणं थांबलं की माणसं घाबरतात आणि रिमोट शोधू लागतात.

या दोन पक्षांच्या मधोमध तिसरा पक्ष निघाला आहे, दीडपट वेगवाल्यांचा. नेटफ्लिक्सने २०२० साली मोबाइलवर वेग वाढवायची सोय दिली, ती दीडपटीपर्यंत. पुढच्याच वर्षी तिथे चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' आला. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवलेला मराठी चित्रपट. आपल्याला केवढा अभिमान! म्हणजे तो चित्रपट असल्याचा. पाहण्याचं नंतर बघू. त्यात गाणं शिकणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर चाललेला असतो. चित्र मुद्दाम संथ केलेलं, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंच्या भाषणाचं जुनं रेकॉर्डिंग, सुमित्रा भावेंच्या आवाजात. संगीत म्हणजे जन्मभराची साधना, त्याग करावा लागतो, एकटं राहावं लागतं, असं त्या समजावत असतात. हे दीडपट वेगाने लावून पाहा. रस्त्यावरची ती तंद्री साफ जाते, शरद कुणाचं तरी पार्सल पोचवायला निघाल्यासारखा दिसतो आणि माई फलाट क्रमांक चारवर येणाऱ्या जलद लोकलची घोषणा करू लागतात. एवढं करून प्रेक्षकाचा अभिप्राय : 'छान आहे, पण जरा स्लो आहे.'

ताम्हाणे यांचा आधीचा 'कोर्ट' २०१४ चा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हाही हीच कुरकुर : कॅमेरा हलत नाही. खरंच हलत नाही. पण त्या न हलणाऱ्या चौकटीत काय काय चाललेलं असतं! एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा खटला सत्र न्यायालयात उभा आहे, आणि त्याच न्यायालयात एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण पुढे ढकलतात. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं वाणसामानाच्या यादीसारखी वाचतात, कारण त्यांना मुलाला घेऊन घरी जायचंय आणि पुढे स्वयंपाक आहे. कुणी किंचाळत नाही, कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा चालून जात नाही. हे सगळं ११६ मिनिटांत. ज्याने आयुष्यात एकदा तरी खऱ्या कोर्टाची पायरी चढून पुढची तारीख घेतली आहे, त्याला हा मारधाडपट वाटेल. शेवटाकडे सुट्टी लागते, शिपाई दिवे बंद करतो आणि पडदा काही काळ पुरता काळा होतो. त्या काळोखात 'संपला वाटतं' म्हणून चपला शोधू लागणारे प्रेक्षक न्यायाधीशांची सहल आणि बाकावरची डुलकी चुकवतात. म्हणजे या चित्रपटात अधिकृतपणे झोपलेला एकमेव माणूस त्यांना दिसतच नाही.

मग काय, संथ ते सगळं थोर? नाही. यात भामटेगिरी उदंड आहे. एक म्हातारा घ्यावा, एक कोरडी विहीर, एक शेळी. म्हाताऱ्याला लांबून चालत यायला सांगावं. तो पोचला की परत पाठवावं. संवाद नकोत, म्हणजे लेखकाचं मानधन वाचतं आणि वर 'मौन बोलतं' हे समीक्षकाचं वाक्य फुकट मिळतं. शेवटी एक मुलगा आभाळाकडे पाहतो. कुणी विचारलं, 'तो का पाहतो?' तर दिग्दर्शक कीव आल्यासारखं हसतो. १९६० साली कान महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ला प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि पुढे त्याच महोत्सवात त्याला ज्यूरीचं पारितोषिक मिळालं, ही गोष्ट या मंडळींना तोंडपाठ असते. त्यातून त्यांनी काढलेलं अनुमान असं : अँटोनिओनीच्या वेळी लोक ओरडले, माझ्या वेळी लोक उठून गेले, अर्थात मी अँटोनिओनी. तुझे लोक उठून गेले कारण शेळीसुद्धा उठून गेली होती, हे त्याला सांगणार कोण?

खरा आणि खोटा संथपणा ओळखायचा कसा, याचं उत्तर बेल्जियमच्या शांताल आकेरमानने १९७५ साली, पंचविशीत देऊन ठेवलं आहे. चित्रपटाचं नाव 'झान डीलमन', पुढे ब्रुसेल्समधला अख्खा पत्ता. लांबी ३ तास २१ मिनिटं. एक विधवा तीन दिवस घरकाम करते : बटाटे सोलते, ताटल्या विसळते, पलंग आवरते, दिवा लावते, खोलीबाहेर पडताना दिवा घालवते. दुपारी एक गिऱ्हाईक येतं, त्या पैशांवर घर चालतं. पहिला दिवस पाहताना तुम्ही मनातल्या मनात तिकिटाचे पैसे मोजता. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. ती ते पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते. ते टाकायचं कुठे, हेच तिला सुचत नाही. आणि तुम्ही खुर्चीत सावरून बसता, कारण हिच्या घरात असं होत नाही, हे एव्हाना तुम्हाला तिच्याइतकंच पाठ झालेलं असतं. पहिल्या दिवशीची दहा मिनिटं कापा, दुसऱ्या दिवशीचं पातेलं मुकं होतं. म्हाताऱ्याची दहा मिनिटं कापा, फार तर म्हातारा जरा लवकर घरी पोचतो.

'साइट अँड साउंड' मासिकाने २०२२ साली जगभरच्या समीक्षकांची मतं मागवली तेव्हा याच चित्रपटाचा पहिला नंबर आला. तेव्हापासून आपल्याकडचे पुरुष रसिकही तो भक्तिभावाने पाहतात. बाई बटाटे सोलत असताना त्यांचे डोळे पाणावतात. 'श्रमांचं काय सूक्ष्म दर्शन आहे!' म्हणतात. मग घरी येतात, चपला काढता काढता 'भाजी कसली केलीयेस गं?' असं ओरडतात आणि स्वयंपाकघरात तेच दर्शन गेली तीस वर्षं रोज दोन खेळांत, पासाशिवाय चालू आहे, हे बघायला डोकावत नाहीत. तिथे सबटायटल्स नसतात, ही अडचण आहे खरी.

तेव्हा रसिकहो, यंदाच्या महोत्सवात झोप आली तर खुशाल झोपा आणि बाहेर येऊन तसं सांगा. कंटाळा आला तर 'कंटाळा आला' म्हणा; दिग्दर्शक खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही आणि शेळीवाला असेल तर त्याला कुणीतरी सांगायलाच हवं. फक्त बटाटे जास्त शिजेपर्यंत थांबा. आणि 'झान डीलमन'ला जाणार असाल तर आदल्या रात्रीचं जेवण तुम्ही करा. किलोभर बटाटे सोलायला सराव नसलेल्या माणसाला पाऊण तास लागतो, आणि तो कुणी दीडपट वेगाने करून देत नाही.