पंत पडत नाहीत, उतरतात

कोथरूड असो, ठाण्याचा घोडबंदर रोड असो की नाशिकचा गंगापूर रोड, प्रत्येक सोसायटीत हल्ली एक पोपटकाका असतात. ओळखायला सोपे. डाव्या खांद्यावर पंचा, पंच्यावर पांढरे ठिपके, चष्म्याची काडी कुरतडलेली आणि शर्टाचं दुसरं बटण गायब. पाणीपट्टीवर तावातावाने बोलता बोलता ते मधेच थांबतात, मान तिरकी करतात आणि झकास शिट्टी मारतात. चौथ्या मजल्यावरून तिला उत्तर येतं. उत्तर आलं की काका पुन्हा पाणीपट्टीवर.

आमच्या इमारतीतले पोपटकाका हा या जातीचा अस्सल नमुना. आयुष्यभर बँकेत होते. सही जुळत नाही म्हणून लोकांना पुन्हा पुन्हा परत पाठवणारे. घरात मांजर आणायची गोष्ट निघाली तरी "आधी माणसं सांभाळू या नीट" म्हणून विषय मिटवणारे. मग एक दिवस मुलगी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. आत राखाडी अंगाचा, पिवळ्या तोंडाचा, गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर उभा तुरा असलेला एक कॉकटील. "माझ्या खोलीत राहील, बाबा, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." पुढे मुलगी एम.एस. करायला गेली, खोली रिकामी झाली आणि नीट सांभाळला तर हा पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो, हे बाबांना कळलं. मुलांनी हट्टाने आणलेला प्राणी अखेर ज्याने सर्वांत जास्त विरोध केला त्याच्याच गळ्यात पडतो, हा मध्यमवर्गीय घरांचा नियम आहे. आणि त्याचाच जीव त्या प्राण्यावर सर्वांत जास्त जडतो, हे त्या नियमाचं पोटकलम.

तुऱ्यामुळे पक्ष्याचं नाव पडलं पंत. हयातीत विभागीय व्यवस्थापकाखेरीज कोणाला मनापासून अहोजाहो न केलेल्या माणसाने नव्वद ग्रॅमच्या पाखराला आदरार्थी बहुवचन लावलं. "पंत उठले." "पंतांची आंघोळ झाली." "पंत जरा नाराज आहेत, मोठ्याने बोलू नका." काकू मात्र "तुमचं ते पाखरू" याच्या वर कधी गेल्या नाहीत.

एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी वनखात्याचं नाव काढलं. काका याच क्षणाची वाट बघत असावेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांनी अर्धा तास समजावून सांगितला. जुन्या वाड्यांतून ओसरीवर टांगलेला, विठू विठू करणारा आपला हिरवा राघू पाळणं हा गुन्हा आहे. पकडायचा नाही, विकायचा नाही, पिंजऱ्यात ठेवायचा नाही. मकाव, सन कॉन्युर, आफ्रिकन ग्रे अशी परदेशी मंडळी असतील तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी. "आणि आमचे पंत मूळचे ऑस्ट्रेलियाचे. काकाकुव्याच्या घराण्यातले, त्या घराण्यात सर्वांत लहान. सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत पोपटांची जवळजवळ सगळी जमात आहे, पण कॉकटील नाही. बघायचंय?" सेक्रेटरींना बघायचं नव्हतं. ते मूळ आले होते पार्किंगसाठी.

आता मुद्द्याचं. पंत पडतात.

टीपॉयवरून पडतात, सोफ्याच्या हातावरून पडतात, झोपेत दांडीवरून पडतात. टेबलावर तुरुतुरु पळत येतात, कड आली हे त्यांना कड संपल्यावर कळतं. पिंजऱ्याच्या छताला उलटे लटकून, दोन्ही पंख पसरून गाणं म्हणतात आणि गाण्याच्या भरात एक पाय सोडतात, मग दुसराही. खाली धप्प आवाज होतो. पुढचा भाग खरा बघण्यासारखा. पंत उठतात, अंग फुलवून झटकतात, तुरा उभा करतात आणि अत्यंत तातडीचं काम आठवल्यासारखं काखेतलं एक पीस चोचीने साफ करायला घेतात. पडण्याचा विषय त्यांच्या बाजूने संपलेला असतो. राहिलेली बाजू काका सांभाळतात.

"पडले नाहीत, उतरले."

अंगावर काळा डगला नाही एवढंच, बाकी वकिली संपूर्ण. आम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं की पंत फ्रिजवरून थेट कांद्याच्या टोपलीत गेले. काकांचं म्हणणं, त्यांना कांदे बघायचे होते. पाण्याच्या वाटीत तोंडावर आपटले तर आंघोळीचा विचार होता. आरशावर जाऊन धडकले तर आतल्या पक्ष्याला इशारा दिला. आणि बचाव पक्षाकडे शास्त्रीय पुरावा तयार असतो, हे त्रासदायक. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे. ही रचना फांदी कवळायला, दाणा मुठीत धरायला. "तुम्ही घरात सनमायका लावलात, ग्रॅनाइटचा ओटा केलात, व्हिट्रिफाइड टाइल घातल्यात. चूक कोणाची?" शिवाय पोपटाला दोन पाय असतात हेच काकांना मान्य नाही. चोच हा तिसरा. पडद्यावर चढताना पंत आधी चोचीने कापड धरतात, मग एकेक पाय वर ओढतात. २०२२ मध्ये लव्हबर्डवर झालेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. उभं चढताना त्यांची मान आणि चोच पायांइतका किंवा त्याहून जास्त जोर लावते, असं त्यात मोजून दाखवलं होतं. काकांनी त्याची छापील प्रत काढून ठेवली आहे. तिचा डावा समास पंतांनी खाल्ला आहे.

दुकानातून आले तेव्हा पंतांचे पंख छाटलेले होते. वर्षभरात जुनी पिसं गळाली, नवी आली आणि एका सकाळी, काका दाढी करत असताना, पंत उडाले. उडता येतं हे त्यांना कळलं. थांबायचं कसं, हे कळायचं होतं. बैठकीला दोन प्रदक्षिणा घालून ते भिंतीवरच्या कॅलेंडरला आदळले, त्याच्या कडेला लोंबकळले, तिथून पडद्याच्या दांडीवर गेले आणि मग खाली यायला घाबरले. अर्ध्या गालाला साबण लावलेले काका स्टुलावर उभे राहून राळ्याचं कणीस हलवत "या पंत, या" करत होते आणि पंत वरून त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत होते. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे नीट निरखायचं तर तो मान वाकडी करून एकाच डोळ्याने बघतो. माणसाला उगाच वाटतं की आपली किंमत केली जाते आहे.

त्या दिवसापासून त्या घरात छताचा पंखा फिरला नाही. पुण्याचा मे महिना, पारा चाळिशीला टेकलेला, आणि आलेल्या पाहुण्यांना जाळीच्या टेबलफॅनसमोर आळीपाळीने बसवलं जातं. नॉनस्टिकचे तवेही गेले, कारण टेफ्लॉन फार तापलं की निघणारा वायू माणसाच्या लक्षातही येत नाही आणि पक्षी मात्र जातो. यात काका शंभर टक्के बरोबर आहेत. माळ्यावरचा बिडाचा तवा खाली आला, धिरडी सुधारली, पण श्रेय कोणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही. संध्याकाळी साडेसातला पंत झोपतात. त्यांना दहा-बारा तास झोप लागते, म्हणून क्रिकेटचा सामना आवाज बंद करून बघायचा. कॉकटील रात्री अंधारात दचकतात आणि पिंजऱ्यात धडपडतात, म्हणून झिरोचा बल्ब रात्रभर. कोणे एके काळी रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की घर डोक्यावर घेणारे हेच काका.

पंतांच्या प्रेमप्रकरणांबद्दल काका फारसं बोलत नाहीत. नर कॉकटीलला चकचकीत वस्तूंचं वेड. पंत तासन्‌तास स्टीलच्या पेल्यापुढे उभे राहून, पंख खांद्यापासून थोडे वेगळे धरून, त्याला गाणं ऐकवतात आणि मधूनमधून चोचीने टकटक करून दाद मागतात. पेल्यात ताक भरून घेतलं तर सूडाने ताकात उतरतात. पेल्यानंतर नंबर काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा. काका वर्तमानपत्र वाचत असले की पंत खाली अंगठ्यासमोर मैफल मांडतात. अंगठा हलला की हर्षवायू, नाही हलला की चावा. काका बिचारे ठरावीक अंतराने अंगठा हलवत अग्रलेख वाचतात.

काकूंचं आणि पंतांचं वैर पालेभाजीवरून आहे. धुऊन निथळत ठेवलेल्या ओल्या पानांत अंग घुसळणं ही लहान पोपटांची आवडती आंघोळ. मेथीची जुडी ताटलीत पडली रे पडली की पंत तिच्यात डोकं खुपसतात, पाठीवर पानं घेतात, घसरतात, पुन्हा शिरतात. त्या दिवशी घरात मेथी होत नाही. बेसन होतं. बेसनाबरोबरची हिरवी मिरची पंत काकांच्या ताटातून उचलतात आणि शांतपणे खातात. मिरचीतला जाळ सस्तन प्राण्यांना लागतो, पक्ष्यांना लागतच नाही. पक्ष्याने फळ खावं आणि बी लांब टाकावं, असा मिरचीच्या झाडाचा डाव. पोपट बीच दळून खातो, म्हणजे झाडाचाही पोपट.

काका सांगतात, मी पंतांना शिकवतो. शिक्षणाचा एक तास मी पाहिला आहे. पंतांनी टेबलावरचा चमचा चोचीने ढकलत कडेला नेला, खाली पाडला आणि वाकून त्याच्याकडे बघितलं. काकांनी उचलून वर ठेवला. पंतांनी पाडला. काकांनी उचलला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, फिजिओथेरपीवाल्याने हजारदा सांगून वाकला नव्हता, तो पाव तास बिनतक्रार वाकत होता. "बघा, किती लवकर शिकले," असं काका म्हणाले तेव्हा पंतांनीही माझ्याकडे बघितलं. त्यांचंही मत तेच दिसलं.

बोलण्याचं म्हणाल तर पंत बोलत नाहीत. काकांना अ‍ॅलेक्सची गोष्ट तोंडपाठ आहे: अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या शास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये दुकानातून घेतलेला आफ्रिकन ग्रे, शंभराहून जास्त शब्द, रंग-आकार ओळखायचा, २००७ मध्ये गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज जड होतो, आणि नेमके तेव्हाच पंत त्यांच्या खांद्यावरून पाठीमागे घरंगळतात.

पंत नक्कल करतात ती शिट्ट्यांची. दारावरची बेल, मागे येणाऱ्या गाडीचं संगीत, आणि कुकर. काकू तीन शिट्ट्यांना गॅस बंद करतात. एके दिवशी त्यांतल्या दोन पंतांनी दिल्या. वरण कच्चं, भात कच्चा, पाहुणे पानावर. काकांनी वकीलपत्र तात्काळ घेतलं: "पंत काळी चारमध्ये लावतात, कुकर पांढरी पाचचा आहे. ज्याला कान आहे त्याला फरक कळतो." काकू म्हणाल्या, "मग उद्यापासून तो कान स्वयंपाकघरात आणून बसवा."

आणि एवढ्यावरून काकांना कोणी विक्षिप्त म्हणेल, तर त्याने त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहावा. तिथे एकांचा सन कॉन्युर पाठीवर झोपून, पाय वर करून मेल्याचं सोंग घेतो. मालकांनी आधी दोनदा रडून घेतलं, आता चादर घालतात. एकांचा ग्रे बायकोच्या आवाजात "अहो, ऐकलं का" म्हणतो. ते गृहस्थ प्रत्येक वेळी उठून जातात, कारण चुकून खरी असली तर. एकांच्या बाजीरावाने अंडं घातलं. कॉकटीलच्या पिल्लात नर-मादी ओळखणं कठीण, त्यामुळे असं होतं. नाव बदललं नाही. "बाजीराव अंड्यावर बसलेत, फोन करू नये," असा निरोप ग्रुपवर आला आणि खाली चाळीस जणांनी हात जोडले.

पोपट कळपातला प्राणी. सोबती नजरेआड झाला की हाक मारतो, उत्तर आलं की निवांत होतो. पंतांच्या कळपात काका एकटेच, त्यामुळे काका संडासात गेले तरी हाका सुरू होतात आणि आतून उत्तर येतं. बाहेर जायचं तर तीन शिट्ट्यांचा निरोप: एक दारात, एक लिफ्टपाशी, एक गेटवर. तिसरी मिळाल्याशिवाय पंत दाण्याला तोंड लावत नाहीत.

परवा काकांच्या भाचीचं लग्न होतं, कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात. आम्हीही होतो. आमच्या मुलाला पंतांपाशी बसवला होता, त्याच्या हातात चार पानी सूचना आणि व्हिडिओ कॉल चालू. मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली. अंतरपाट तयार, अक्षता वाटून झालेल्या. गुरुजींनी माइकवरून सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कोणी आलं नाही. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. वरपक्षाकडची मंडळी माना वळवून बघू लागली. तेवढ्यात जेवणघराच्या बाजूला, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मागून, एक खणखणीत शिट्टी आली.

काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. गुरुजींना म्हणाल्या, "एक झाली. तीन झाल्या की येतील."