शेवटच्या एसटीनंतर बक्षीस नको

माझी पहिली तक्रार बक्षीस वितरणाच्या वेळेबद्दल आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या ज्या छोट्या महाविद्यालयात मी शिकलो आणि आता माझी पुतणी शिकते, तिथे स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर बक्षीस वितरण दुपारी तीनला छापलेले असते. प्रमुख पाहुणे साडेचारला येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मंचावरच्या प्रत्येकाला शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अहवालवाचन, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांचे भाषण. बक्षिसासाठी पहिले नाव पुकारले जाते तेव्हा सहा वाजून गेलेले असतात. पुतणीच्या गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला सुटते.

निबंधात पहिली आलेली मुलगी त्या एसटीत असते. तिचे नाव दोनदा घेतले जाते, मागून कोणीतरी ‘गेली’ म्हणून ओरडते आणि पुढचे नाव येते. तिचे प्रमाणपत्र ऑफिसच्या कपाटात जाते, आणि सोमवारी बाबू रजिस्टरवर सही घेऊन ते तिच्या हातात देतात. वर्षभरात चारचौघांत तिला शाबासकी मिळण्याची एवढी एकच वेळ होती. ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

आमच्याकडची महाविद्यालये कशासाठी निघाली हे आठवावे. 1958 मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे तिरोडा, आमगाव, गोरेगाव, अर्जुनी-मोरगाव अशा तालुक्यांच्या गावीही महाविद्यालये झाली. नागपुरात खोली घेऊन राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलांनी सकाळी येऊन शिकावे आणि संध्याकाळी घरी जेवायला पोचावे, हा छोट्या महाविद्यालयाचा मोठा उपयोग. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. सरकारने भाड्याचा विचार केला आहे. महाविद्यालयाने निदान गाडीच्या वेळेचा करावा.

दुसरी तक्रार तारखांची. प्रथम वर्षाच्या मुलांचे स्वागत आमच्याकडे ऐन धानाच्या रोवणीत होते. आषाढ-श्रावणात बांध्यांमध्ये पाणी धरले की घरातले एकही माणूस मोकळे राहत नाही. कॉलेजातली मुले तर रोवणीला हक्काची माणसे. स्वागत होते ते कॉलेजच्या गावातल्या मुलांचे, आणि ज्यांना नवखेपणा खरोखर जाचतो ती चिखलात उभी असतात. स्नेहसंमेलनाचेही तसेच. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. लांबलांबच्या राज्यांतून लोक तिथे येतात. आमच्या महाविद्यालयात आदिवासी विद्यार्थी पुष्कळ आहेत. तरी संमेलनाचे दिवस ठरवताना माघ पौर्णिमा कोणी कॅलेंडरात पाहत नाही. दिवाळी आणि नाताळ मात्र चुकत नाहीत.

तिसरी तक्रार ‘ट्रॅडिशनल डे’ची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त लागते. त्या दिवशी मुली नऊवारी नेसतात, नथ घालतात, मुले भाड्याने आणलेला फेटा बांधतात. चांगले दिसतात. पण ही परंपरा टीव्हीवरून आलेली आहे. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दुकाने लागतात, पाहुणे येतात, दंडार होते, रात्री उशिरा झाडीपट्टीचे नाटक सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. अर्जुनी-मोरगावकडची माणसे दिवसभर धान कापूनही ते नाटक बसून पाहतात. ज्या मुलांचे काका-मामा दंडारीत नाचतात, ती मुले कॉलेजच्या मंचावर सिनेमातल्या गाण्यावर नाचतात, कारण दंडारीला तिथे कोणी विचारतच नाही.

दंडारीला मंच देण्याला आधारही शोधावा लागत नाही. आठव्या शतकातला नाटककार भवभूती पद्मपूरचा, आणि आमगावजवळचे पदमपूर हेच ते गाव असे इथले लोक अभिमानाने सांगतात. आमगावच्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे. त्याच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनेत प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत असल्याचा उल्लेख येतो. म्हणजे संस्कृतातला एवढा मोठा कवी जत्रेला जमलेल्या लोकांपुढे आपले नाटक ठेवत होता. मंडईतल्या नाटकाला गावंढळ समजणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

चौथी तक्रार फिशपॉन्डची. जुने प्राध्यापक त्याला शेलापागोटे म्हणत. निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या आणि निवेदकाने त्या माइकवरून वाचायच्या. दरवर्षी त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या एखाद्याच्या बोलण्यावर असतात: कोणाच्या मराठीत पोवारी येते, कोणाच्या हिंदीत छत्तीसगढी, कोणी घरून गोंडी घेऊन आलेला असतो आणि वर्गात उत्तर देताना अडखळतो. सभागृह हसते. तो मुलगा पुढची दोन वर्षे वर्गात तोंड उघडत नाही. मास्तर म्हणतात, गमतीत घ्यावे. घरच्या बोलीवरची गंमत ज्याच्यावर होते त्याला घेता येत नाही, हे मास्तरांना कळायला हवे.

एक रीत मात्र बरोबर जमली आहे. 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. शिबिर खेड्यात होते. तिथे बंधारा घालताना, चुलीवर साठ जणांचा भात शिजवताना, रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य करताना वर्गातली गप्प मुले पुढे येतात. आपली गप्प मैत्रीण किती बोलकी आहे, हे पुतणीलाही शिबिरातच कळले. तिथे घरी परतण्याची घाई नसते आणि बोलीला कोणी हसत नाही. जे शिबिरात साधते ते संमेलनातही साधायला हरकत नसावी.

अडचण अशी की हे सांगायचे कोणाला? 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्यात निवडणूक परत आली. 2019 मध्ये ती घेण्याचे ठरले आणि ती पुढे ढकलली गेली. रोज तासभर एसटीत उभा राहणारा विद्यार्थी ज्या बैठकीत तारीख ठरते तिथे बसत नाही. बसतो तो बहुधा कॉलेजपासून चालत घरी जाणारा.

म्हणून मागण्या लिहून देतो. बक्षिसे सकाळी अकराला, पाहुणे आले असोत वा नसोत, प्राचार्यांच्या हस्ते द्यावीत. सत्कार नंतर करावेत. ज्यांचा सत्कार असतो त्यांच्याकडे गाड्या असतात. स्वागत समारंभ रोवणी आटोपल्यावर ठेवावा. माघ पौर्णिमेच्या आजूबाजूचे तीन दिवस संमेलनासाठी घेऊ नयेत. फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या वाचण्याआधी एका शिक्षकाने पाहाव्यात आणि बोलीवरची प्रत्येक चिठ्ठी फाडावी. संमेलनात एक तास दंडारीला द्यावा, आणि सूत्रसंचालन निदान त्या तासाला पोवारीत किंवा गोंडीत व्हावे. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पुढच्या संमेलनाची पहिली बैठक होईल तेव्हा टेबलावर एसटीचे वेळापत्रक ठेवून सुरुवात करावी.