बंधारा उभा, दारं बेपत्ता

सरकारी कागदावर कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला ‘को.प. बंधारा’ म्हणतात. आमचे आबा ती दोन टिंबं गिळून एका दमात वाचतात : कोप बंधारा. कोणाचा कोप, असं विचारलं तर म्हणाले, “लेकरा, दारं नेणारा खूश हाय, बिल काढणारा बी खूश हाय. मग कोप आपल्यावरच असंल की.”

हिंगोली जिल्ह्यात असा बंधारा ओळखायला सोपा. ओढ्यात रांगेनं खांब उभे, मधे दारांच्या जागी मोकळी खिंडारं आणि काठावर फलक. खांबांमधून पाणी जातं, वारा जातो, शेळ्याही जातात. अडतो तो फक्त फलक वाचणारा. त्यावर कामाचं नाव, रक्कम आणि साठवण क्षमता ‘इतके टीसीएम’ असं लिहिलेलं असतं. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे 10 लाख लिटर. पाणी नसलं तरी आकडा वर्षभर काठोकाठ भरलेला.

आता आभाळाचा हिशेब करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. साल बरं असेल तर आपल्याकडे आठशे मिलिमीटर सहज होतो. म्हणजे हेक्टरी 80 लाख लिटर, आणि पाचशे हेक्टरच्या शिवारावर 400 कोटी लिटर. त्याच शिवारात एप्रिलमध्ये दहा-बारा हजार लिटरचा टँकर आला की बायाबापड्या हंडे घेऊन पळतात. आभाळानं मापात पाप केलेलं नाही. आपल्या भांड्याला बूड नाही.

बूड का नाही? कारण भांड्याला मालक सात. माथ्यावरचं जंगल वन विभागाचं. शेतातली बांधबंदिस्ती कृषी खात्याची. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा बंधारा जिल्हा परिषदेचा, तिथून सहाशेपर्यंतचा राज्याच्या मृद व जलसंधारण खात्याचा, त्याहून मोठा असेल तर जलसंपदाचा. मजूर लावायचे तर रोहयो. आणि एवढं सगळं झाल्यावर विहिरीत पाणी वाढलं का, ते मोजणार भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. पाणी बिचारं अडाणी, त्याला हद्द कळत नाही. ते आपलं वरून खाली येतं. शास्त्र सांगतं, माथा ते पायथा. कार्यालय चालतं टेबल ते टेबल.

माथ्यावरून आठवलं. सेनगाव-औंढ्याकडच्या मुरमाड माळांवर आधी सलग समतल चर खणायचे, मग मधल्या घळीत अनघड दगडी बांध घालायचे आणि शेवटी खाली ओढ्यावर बंधारा, असा धडा पुस्तकात आहे. प्रत्यक्षात बंधारा आधी होतो. त्याला सिमेंट लागतं, सिमेंटाला निविदा लागते, निविदेला नारळ लागतो. चराला फीत कुठं बांधणार? मग वरची माती पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत खाली येते आणि बंधाऱ्यात मुक्कामाला बसते. त्यावर तोडगा म्हणून 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आहेच. म्हणजे माती आधी वाहून येऊ द्यायची आणि मग तीच जेसीबीनं काढून ट्रॅक्टरनं परत शेतात नेऊन टाकायची.

आम्हाला खात्याला नावं ठेवायची हौस नाही. ती हौस खात्यालाच आहे. 1972 च्या दुष्काळात लोकांनी नालाबांधावर दगड फोडले, तेव्हा त्याचं नाव ‘दुष्काळी काम’ होतं. 1992 साली सुधाकरराव नाईकांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ गावोगाव पोचवलं. नाईकसाहेब पुसदचे, म्हणजे पैनगंगेपलीकडचे आपले शेजारीच. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार आलं. 2017 मध्ये वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात जलसंधारणाचं आयुक्तालय आलं. 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला : जलयुक्तवर 9,633 कोटी रुपये खर्च झाले, पण पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. पुढं सरकार बदललं आणि जलयुक्त 2.0 आलं. योजनेची दुसरी आवृत्ती निघाली, पहिल्या आवृत्तीतल्या दारांना मात्र रबर सील मिळेना. मधल्या काळात, 2024 च्या फेब्रुवारीत, जलसंधारण अधिकाऱ्यांच्या 670 पदांसाठी परीक्षा झाली. अमरावतीच्या केंद्रावर गैरप्रकार उघडा पडला, परीक्षा रद्द झाली, पुन्हा घ्यावी लागली. गळती थांबवणारी माणसं निवडायची होती, तिथंही गळतीच.

आता मुद्द्याचं. को.प. बंधारा चालवणं हे काही रॉकेट उडवणं नाही. परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्याला दारं बसवायची, फटी बुजवायच्या. जूनच्या आधी दारं काढायची, मोजायची आणि कुलपात ठेवायची. एवढंच काम. पण ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि अख्खं गाव मळणीयंत्रामागं असतं. ठेकेदाराचा करार बांधण्याचा, राखण्याचा नव्हे. कार्यालय म्हणतं, बंधारा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केलाय. ग्रामपंचायत म्हणते, कागद आला, दारं कुठं आली? मळणी उरकून गडी मोकळे होईस्तोवर ओढा वाहून गेलेला असतो. मग कोरड्या पात्रात चार दारं लावून फोटो निघतो. अक्षांश-रेखांशासकट.

उलटं झालं तर आणखी वाईट. जूनमध्ये दारं काढायची राहून गेली, तर पूर बंधाऱ्याशी भांडत बसत नाही, बगल फोडून शेजारच्या शेतातून जातो. बंधारा जागच्या जागी, नदीच पलीकडं. कागदावर मालमत्ता शाबूत, ज्याची माती गेली तो शेतकरी कोणत्याच रकान्यात नाही.

आपली कयाधू बघा. वाशीमकडून येते, नरसी नामदेवाच्या काठानं, हिंगोली शहराला वळसा घालून पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून, उन्हाळ्यात क्रिकेटचं मैदान. आता खरबीच्या बंधाऱ्यातून तिचं पाणी इसापूर धरणाकडं वळवायचं म्हणतात आणि जिल्हा चिडलाय. चिडायलाच पाहिजे. पण आबा त्यातही काडी घालतात : “आपण आडवलं असतं, तर त्याह्यला वळवाया उरलं असतं का?” मोर्चात ही घोषणा बसत नाही, फार लांब होते.

आणि सगळं पाप खात्याच्या माथी मारून आपणही सुटत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे. पण हळद आठ-नऊ महिने रानात उभी राहते आणि पाणी मागते. वसमतकडं निदान पूर्णेचा कालवा आहे, माळावर तो नाही. तिथं ओढा अडवायला कोणी जात नाही, बोअर मात्र दरसाल पन्नास फूट खाली जातो. पाणी अडवणं सरकारचं काम आणि उपसणं आपला हक्क, अशी ही सोयीची वाटणी.

दरवर्षी 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. दारं बसवायला त्यानंतर बरोबर तेरा दिवस उरतात. यंदा नवा बंधारा मागू नका. जुन्याची दारं किती होती, आज किती आहेत, कोणाच्या गोठ्यावर पडलीत आणि 15 तारखेला ती कोण बसवणार, एवढं नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या. मळणीयंत्र एक दिवस थांबलं तरी चालतं. ओढा थांबत नाही.