गंज लावा, ग्लो मिळवा

चाकणच्या कुठल्याही कंपनीत पत्र्यावर गंजाचा ठिपका दिसला की क्वालिटीवाल्याचा पारा चढतो. लॉट रिजेक्ट होतो, सप्लायरला मेल जातो, त्याची मंडळी धावत येतात. त्याच गंजाची सख्खी भावंडं बारीक दळून, नाजूक ट्यूबमध्ये भरून, वर हिरवं पान छापून आली की आपण त्यांना ‘नॅचरल ग्लो’ म्हणतो आणि मागितले तेवढे पैसे देतो.

खोटं वाटत असेल तर ट्यूब उलटी करा. पुढच्या बाजूला कोरफड, गुलाब, केशर. मागच्या बाजूला, यादीच्या तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. ही लोखंडाची ऑक्साइडं, तांबडं, पिवळं आणि काळं. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या आणि मोटारीच्या पांढऱ्या रंगाला पांढरेपणा देणारं हेच. सीआय ७७०१९ म्हणजे अभ्रक. गालाच्या हाडावरचं ‘आतून आलेलं’ तेज बहुतेक वेळा अभ्रकाचं असतं. शोरूमच्या दिव्याखाली पर्ल रंगाची गाडी झळाळते, तीही बरेचदा त्याच्याच जोरावर.

त्यामुळे पिंपरी-चिंचवडकरांनी ‘नॅचरल ग्लो’च्या या नव्या फॅशनकडे घरचं कार्य म्हणून पाहायला हरकत नाही. गाड्या आपल्याकडे रंगतात आणि लॉरिअलचा कारखानाही आपल्या चाकणलाच आहे. मेबेलिन, गार्निए ही त्याच घराण्यातली नावं. म्हणजे गाडीची चमक आणि तोंडाची चमक एकाच पट्ट्यातली. दोन्हींचे कंटेनर एकाच तळेगाव चौकात अडकतात आणि त्यांच्यामागे कंपनीची बस. बसमध्ये फर्स्ट शिफ्ट करून आलेली माणसं असतात. चमक तेवढी त्यांच्या वाट्याला आलेली नसते.

फरक एकच आहे. गाडीवाले सांगून रंगवतात. आधी पत्रा धुवायचा, मग ईडी कोट, मग प्रायमर, मग बेस कोट, शेवटी क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर मायक्रॉन, म्हणजे दशांश मिलिमीटर. मेटॅलिक हवा असेल तर बरेचदा जास्त पैसे लागतात आणि ते बिलात छापलेले असतात. आजवर एकाही सेल्समननं ‘साहेब, हिला रंग दिलेलाच नाही, पत्राच जात्या असा आहे’ असं म्हटलेलं नाही.

तोंडाचंही वेळापत्रक हेच. आधी क्लेन्झर, मग सीरम, मग प्रायमर (नावसुद्धा बदलायची तसदी घेतलेली नाही), मग स्किन टिंट, मग हायलायटर, वरून सेटिंग स्प्रे. एवढं झाल्यावर कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं: ‘अगं, काहीच लावलं नाही, नुसता मॉइश्चरायझर.’ या फॅशनचं नावच ‘नो मेकअप मेकअप’ आहे. काही न केल्यासारखं दिसण्यासाठी सहा थर लागतात. काही केल्यासारखं दिसायचं तर एक लिपस्टिक पुरायची.

आणि गंमत अशी, की हे दोन ग्लो एकमेकांचे वैरी आहेत. गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये डिओ, हेअर जेल, क्रीम, मेकअप लावून जायला सहसा मनाई असते. कारण सिलिकॉन. ओल्या रंगावर त्याचा कण पडला की रंग तिथून मागे सरतो आणि खळगा पडतो. शॉपमधली माणसं त्याला क्रेटर म्हणतात. मग बॉडी रीवर्कला. क्रीम-कम-मेकअपच्या अनेक ट्यूबांत डायमेथिकोन नावाचं सिलिकॉन असतं. त्वचा मखमली लागते ती त्याच्यामुळे. थोडक्यात, पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या पोरीनं ग्लो आणायचा की गाडीनं, यातलं एकच काहीतरी होऊ शकतं. कोण जिंकतं हे सांगायची गरज नाही. गाडीची ऑर्डर आलेली असते.

‘मेकअपही आणि त्वचेची निगाही’ ही कल्पना कालपरवाची असल्यासारखं रील्सवाले सांगतात. पण ही दोन्ही कामं करणाऱ्या बीबी क्रीमचा उगम जर्मन त्वचातज्ज्ञ क्रिस्टीन श्रामेक यांच्याकडे जातो. १९६०च्या दशकात त्यांनी ते त्वचेवर उपचार झालेल्या रुग्णांसाठी केलं: जखम झाकायची आणि भरूही द्यायची. पुढे कोरियानं ते उचललं आणि जगभर विकलं. आपल्याला हा प्रवास ओळखीचा वाटावा. चाकणला जर्मन गाड्या आधी आल्या, तळेगावात कोरियन गाडी मागून आली. तोंडाचा लॉजिस्टिक्स रूटही तोच निघाला.

आपल्याकडचा किस्सा याहून चविष्ट आहे. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी परळला विको सुरू केली. त्याच साली टाटांनी लॅक्मे काढली. म्हणजे पुढे कित्येक वर्षं पिंपरीत ज्या घराण्याचे ट्रक रंगत होते, त्याच घराण्याची लिपस्टिक देशभर ओठांवर होती. १९९८ साली त्यांनी लॅक्मे हिंदुस्थान लिव्हरला विकली. विकोनं मात्र हळदीचं क्रीम काढलं आणि ते कॉस्मेटिक नाही असं देशाला गाऊन सांगितलं. अबकारीवाल्यांना गाणं पटलं नाही. कॉस्मेटिकवर कर जास्त, आयुर्वेदिक औषधावर कमी. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि विको जिंकली: हळदीचं क्रीम हे औषधच.

आता वारं फिरलं आहे. तेव्हा क्रीम म्हणत होतं, मला मेकअप म्हणू नका, कर वाढतो. आज मेकअप म्हणतो, मला मेकअप म्हणू नका, भाव पडतो. म्हणून फाउंडेशनमध्ये नायसिनामाइडचा थेंब टाकायचा, हायलुरॉनिक ॲसिडचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि रंगाला ‘केअर’ची नोकरी द्यायची. एसपीएफ १५ही छापायचा. तो आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम माल थापून काढलेला असतो. तेवढं फाउंडेशन रोज लावलं तर ट्यूब महिनाभर पुरली तर पुरली आणि चेहरा गुढीपाडव्याच्या नारायणगावसारखा दिसेल. चाकणवरून तोच नाशिक रस्ता पुढे नारायणगावला जातो. तिथे राहुट्या लागतात, तमाशाच्या सुपाऱ्या फुटतात. फडातली बाई तोंड रंगवते ते दिव्याखाली, शेवटच्या रांगेतल्याला दिसावं म्हणून. तिनं कधी ‘नॅचरल’ असल्याचं म्हटलेलं नाही. ठसठशीत कुंकवानं म्हटलं नाही, काजळानं नाही, मेंदीनं तर नाहीच.

‘नॅचरल’ या शब्दाची व्याख्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत शोधायला जाऊ नका. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘ग्रीन’ असले शब्द पुराव्याशिवाय वापरू नका अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणून आता पुरावा येतो: ‘९५ टक्के नैसर्गिक’. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १६१२८च्या हिशेबात पाणीही नैसर्गिक धरता येतं. ट्यूबमध्ये सगळ्यात जास्त काय असतं? यादीतला पहिला शब्द वाचा. पाणी.

रंगांचं तर उलटंच आहे. मेकअपमधली लोखंडाची ऑक्साइडं कारखान्यात बनवतात, कारण खाणीतून आलेल्यांत शिसं, आर्सेनिक येण्याची भीती. म्हणजे ट्यूबमधला सगळ्यात भरवशाचा माल तोच, जो निसर्गातून आलेला नाही. अभ्रक मात्र अस्सल निसर्गातलं असू शकतं. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात लहान पोरं ते वेचताना सापडली, तेव्हा कॉस्मेटिकवाले आणि रंगवाले २०१७ साली एकाच मंचावर आले. नैसर्गिक या शब्दाला कधी कधी असेही हात लागलेले असतात.

आणखी एक शब्द गेलाच होता राहून. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. पंचेचाळीस वर्षं गोरं व्हा म्हणून सांगितलं, आता चमका म्हणतात. आदेशाचा सूर तोच आहे, एक रंग फक्त कॅटलॉगमधून काढला.

रंगवायला कुणाची ना नाही. सेकंड शिफ्ट संपवून घरी जाणाऱ्या पोरीला गालावर थोडा लाल गंज लावावासा वाटला तर लावावा, पोरांनीही लावावा. प्रश्न त्या चेहऱ्याकडून मागणी काय होते हा आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते, पण इंटरव्ह्यूला फ्रेश दिसा. मोशीपासून चाकणपर्यंत धूळ खा, पण पोर्स दिसू देऊ नका. पूर्वी मेकअप म्हणायचा, नटून ये. हा नवा मेकअप म्हणतो, झोपून उठल्यासारखी ये. नटायला अर्धा तास पुरतो. झोपायला आठ तास लागतात आणि ते रोस्टरमध्ये बसत नाहीत.

ट्यूबवर लिहिलेलं असतं, ‘७२ तास हायड्रेशन’. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या अखेरीपासून नळाला पाणी दिवसाआड येतं. म्हणजे गालाची सोय शहरापेक्षा बरी झालेली आहे. फेसाचीही टंचाई नाही. आळंदीला इंद्रायणीवर तो दरवर्षी पांढराशुभ्र येतो, सांडपाण्याचा आणि रसायनांचा. वारकरी त्यातच उतरतात. त्याला कुणी ‘डीप क्लेन्झिंग’ म्हणत नाही, एवढाच काय तो संयम शिल्लक आहे.

खऱ्या नॅचरल ग्लोचा कच्चा माल कॉस्मेटिकच्या कंपनीकडे नाहीच. तो महापालिका, हायवेवाले आणि एचआर यांच्या स्टोअरमध्ये पडून आहे: रोज पाणी, कोंडीत न गेलेला तास, सलग झोप. जस्ट इन टाइम डिलिव्हरी फक्त सप्लायरनं पाळायची असते, हे आपल्या पट्ट्यात कुणाला समजावायला नको.

तोवर ट्यूबवाल्यांनी गाडीवाल्यांकडून एवढं शिकावं. थर मोजून सांगावेत, गंजाला गंज म्हणावं आणि पानाच्या चित्राखाली एक ओळ जरा मोठ्या अक्षरांत छापावी: झोप झाल्याचा भास. फक्त बाह्य उपयोगासाठी.