दर्या मोठा, जागा तीन

संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे सागरविज्ञानाचं दशक म्हणून जाहीर केलं आहे. दशकाची सात फलितं ठरली आहेत, दहा आव्हानं ठरली आहेत आणि समुद्राच्या क्षेत्रात नव्यानं उतरलेल्या होतकरूंसाठी वेगळा कार्यक्रमही आहे. होतकरू कोण, तर ज्याच्या गाठीशी दहा वर्षं किंवा त्याहून कमी अनुभव आहे तो. हिशेब नामी आहे. 2021 साली कामाला लागलेली मुलगी दशकभर होतकरू राहील आणि दशकाचा मांडव उतरेल त्याच सुमारास ज्येष्ठ होईल. मधल्या काळात ती नोकरीत कायम होईल का, हे सात फलितांत नाही. दहा आव्हानांतही नाही.

दशकात सामील व्हायची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रकल्पाचा अर्ज करायचा, छाननीतून पार पडला की दशकाची मान्यता मिळते. पैसे मात्र आपले आपण उभे करायचे. पत्रिकेवर कुलदैवताचं नाव आणि खर्च वधूपित्याचा, त्यातलाच हा प्रकार. युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाच्या 2020 च्या अहवालानुसार, देशोदेशीची सरकारं संशोधनाच्या पैशातला सरासरी 1.7 टक्के वाटा समुद्राला देतात. पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग त्यात भागवायचा असतो. तो खारट पाण्याखाली आहे, तक्रार करायला वर येत नाही.

पैशाची टंचाई असली तरी आदरसत्काराची नाही. 2022 साली लिस्बनला संयुक्त राष्ट्रांची महासागर परिषद भरली, तिची सुरुवात 27 जूनला. तरुणांचा मेळावा 24 तारखेलाच सुरू झाला होता. मंत्रीमंडळी विमानातून उतरायच्या आत तरुणाईचं ऐकून मोकळं व्हायचं, ही दूरदृष्टी वाखाणण्यासारखीच. त्या मेळाव्यात, कार्काव्हेलोसच्या किनाऱ्यावर, सरचिटणीस अंतोनियो गुतेरेस यांनी आपल्या पिढीच्या वतीनं तरुणांची माफी मागितली. माफी मनापासून होती. तिला आर्थिक तरतूद जोडलेली नव्हती, एवढंच.

पुढची परिषद फ्रान्समधल्या नीस शहरात झाली, 9 ते 13 जून 2025. तिथं जायचं तर आपल्याकडच्या होतकरूला शेंगेन व्हिसा लागतो. फी 90 युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचा दाखला आणि परत येण्याची खात्री पटवणारे कागद. नोकरी कंत्राटी, तीही पुढच्या मार्चपर्यंत; आता खात्री कुणी कुणाला पटवायची? जूनमध्ये तसाही पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. होड्या वाळूत ओढलेल्या, तांडेल जाळी विणत बसलेले आणि समुद्राचे अभ्यासक फॉर्म भरत. सगळा दर्याच सुट्टीवर.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं, तेही बघावं. गोव्यातल्या दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं सिंधू साधना नावाचं संशोधन जहाज आहे. अशा जहाजावर काम घड्याळ बघून थांबत नाही. रात्री दोनला बाटल्यांचं चक्र तारेवरून खोल सोडतात, ते वर आलं की नमुन्यांसाठी रांग लागते. पहिला मान प्राणवायूच्या नमुन्याचा, कारण हवा लागली की आकडा बिघडला. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी भरून वाहू द्यायचं, नळी हळूच काढायची, रसायनं घालायची आणि बूच असं लावायचं की आत एक बुडबुडा राहता कामा नये. जहाज डोलत असतं, पोटातलं जेवणही डोलत असतं. बुडबुडा राहिलाच तर पुन्हा पहिल्यापासून.

हा खटाटोप उगाच नाही. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायूचा कायमचा दुष्काळ आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या दुष्काळी पट्ट्यांपैकी एक. तो पसरला तर माशांनी जायचं कुठं आणि कोळ्यांनी जाळं टाकायचं कुठं, याचं उत्तर त्या काचेच्या बाटलीतूनच निघायचं आहे.

बूच लावणाऱ्या हाताला काय मिळतं? कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, त्याआधी 31,000 होती. त्या वाढीसाठीही देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना फलक घेऊन उभं राहावं लागलं. रक्कम वाईट नाही म्हणे. ती ज्या महिन्याची त्याच महिन्यात खात्यात पडली, तर आणखीच चांगली वाटेल. ती कुठल्या टेबलावर अडली आहे, हे सांगणारा उपग्रह मात्र अजून कुणी सोडलेला नाही. मासळी कुठं सापडेल, हे उपग्रहाच्या माहितीवरून हैदराबादची संस्था कोळ्यांना कळवते. पगाराच्या बाबतीत विज्ञान अद्याप तिथवर पोचायचं आहे.

मोठा पैसा नाहीच, असं मात्र कुणी म्हणू नये. जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी 4,077 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था मत्स्य 6000 ही पाणबुडी घडवते आहे. ती 6,000 मीटर खोल जाईल. माणसांसाठी टायटॅनियमचा गोळा, आतला व्यास 2.1 मीटर, जागा तीन. सागरविज्ञानात रीतसर मंजूर झालेल्या जागा म्हणून होतकरूंनी त्यांच्याकडे डोळे लावले असतील तर नवल नाही. आणीबाणीत आत 96 तास तग धरण्याची सोय आहे. शिष्यवृत्ती लांबलेला होतकरू त्याहून पुष्कळ जास्त तग धरतो, आणि तोही टायटॅनियमशिवाय.