दोन पात्या, एक जावा

आमच्या देवासला एका गावात दोन राजे होते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची थोरली पाती आणि धाकटी पाती ही संस्थानं 1948 पर्यंत शेजारीशेजारी नांदली. गाव एक, दरबार दोन. त्या हवेत वाढल्यामुळे मी आणि दादाने जुनी मोटरसायकल भागीत घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. काळजी वाटली.

दादाला बुलेट हवी होती. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यात किक म्हणजे पूजाच: आधी अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग श्वास रोखून लाथ. चुकलात तर ती उलटी मारते. साठी उलटलेल्या दादाच्या गुडघ्याला हे झेपलं नसतं, पण हे त्याला सांगायचं कुणी? मला राजदूत हवी होती, कारण लहानपणी आमचं दूध राजदूतवरून यायचं. दादा म्हणाला, "तुला गाडी नकोय, साय हवीय."

शेवटी जावा ठरली. ती दोघांनाही नको होती, म्हणून दोघांनाही मान्य झाली.

जावा होती धारला. इंदूर ओलांडून पीथमपूरच्या फाट्यावर चहा घेतला. बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा याच पीथमपूरला बनायची. म्हणजे ज्या धार जिल्ह्याने लोकांची किक सोडवली, तिथे आम्ही पैसे मोजून किक मारायला चाललो होतो!

गोठ्यात, कडब्याखाली, 1968 ची मैसूरची जावा. सीटवर कोंबडी. मालक म्हणाला, "भिया, चालू हालत में खड़ी है." खडी होती, एवढं खरं. कार्ब्युरेटर नव्हता, चेन नव्हती. जावाचा किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा होतो. हा दांडा मात्र कुठेच वळायला तयार नव्हता.

पण जुन्या गाडीचा गंज पाहू नये, कागद पाहावेत. गंज घासून निघतो, चुकीचा चेसिस नंबर निघत नाही. मी खडू चोळून एकेक आकडा वाचला, दादाने आरसीवरचा वाचला. जुळले. आमचं इतकं एकमत आयुष्यात झालं नव्हतं. कोंबडी वगळून सौदा झाला.

घरी वहिनींना नियम समजावला. पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली गाडी नव्याने नोंदवली, तर 2021 च्या नियमाप्रमाणे तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये. मात्र ती रोज वापरायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची.

"म्हणजे भाजीसुद्धा आणायची नाही?"

"नाही."

"पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली, कामाला न येणारी," वहिनी दादाकडे बघत म्हणाल्या, "एक आहे की घरात."

त्याला आता आठ महिने झाले. रंगावरून बिनसलंय: दादाला मरून, मला काळा. इंजिन माझ्या अंगणात आहे, चाकं दादाच्या. टाकी वहिनींनी दोन्ही पात्यांकडून जप्त करून माळ्यावर ठेवली आहे.