कोपऱ्यातला कारकून

आमच्या हापिसात प्रिंटर कोपऱ्यात असतो, बाथरूमच्या वाटेवर. जाता-येता प्रत्येकजण त्याला एक थाप मारतो. टोनर संपत आला की सावंतबाई कार्ट्रिज बाहेर काढून तान्ह्या पोरासारखं हलवतात आणि आणखी चाळीसेक पानं पदरात पाडून घेतात. पगाराच्या स्लिपा, आधार कार्डं, निविदा, राजीनामे, सगळं त्याच्या पोटातून जातं. साहेबांचा पगार ठाऊक असलेले हापिसात तिघेच: साहेब, अकाउंटंट आणि प्रिंटर. पैकी पहिले दोघे तोंड उघडत नाहीत.

तिसरा मात्र कुणाशीही बोलतो. रॅपिड सेव्हन या कंपनीने 2025 मध्ये दाखवून दिलं की ब्रदरच्या शेकडो मॉडेलांचा मूळ ॲडमिन पासवर्ड यंत्राच्या सिरियल नंबरवरूनच काढता येतो. आणि सिरियल नंबर? तो नेटवर्कवरून यंत्रालाच विचारायचा, ते सांगतं! विकल्या गेलेल्या यंत्रांत ही खोड नव्या फर्मवेअरनेही पुरती जात नाही, पासवर्ड बदलणं एवढाच उतारा. आमच्या प्रिंटरची कंपनी वेगळी, पण त्याचाही पासवर्ड आम्ही बदललेला नाही. तो झाकणावर चिकटवलाय आणि खाली लाल पेनने लिहिलंय, ‘कृपया बदलू नये.’

खालच्या गेटवर वॉचमन वडापाववाल्या पोराचंही नाव-गाव-वेळ वहीत लिहून घेतो. प्रिंटरला वही नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. मी दोन्ही बाजूंनी छाप म्हटलं की पेपर जॅम. पण 2018 मध्ये कुणा अनोळखी पोराने इंटरनेटवर उघडे पडलेले सुमारे 50,000 प्रिंटर गाठले आणि आपल्या आवडत्या यूट्यूबरला सबस्क्राईब करा, अशी पत्रकं छापायला सांगितली. जगभरच्या हापिसांत ती निमूट बाहेर पडली. म्हणजे यंत्राला काम येतं, आपलं करायचं नसतं. (असे दोघे आमच्या अकाउंट्समध्येही आहेत.)

विंडोजमध्ये स्पूलर नावाचा एक मुकादम असतो, छपाईची रांग लावणारा. काम शिपायाचं, अधिकार कलेक्टरचे. ज्या सर्व्हरला जन्मात प्रिंटर जोडलेला नाही, तिथेही बहुधा हा हजेरी लावून बसलेला. 2021 मध्ये त्याच्यातलं भगदाड उघडं पडलं, तेही संशोधकांनी त्यातून शिरण्याची कृती चुकून जाहीर केल्यामुळे. नाव पडलं प्रिंटनाइटमेअर. मायक्रोसॉफ्टची अशी धांदल उडाली की दीड वर्षापूर्वीच निरोप दिलेल्या विंडोज 7 लाही उठवून औषध पाजावं लागलं. त्याच वर्षी कळलं की एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सच्या काही प्रिंटरांच्या ड्रायव्हरमध्ये 2005 पासून एक भोक आहे. सोळा वर्षं कुणाच्या नजरेस पडलं नाही, कारण प्रिंटरकडे माणूस बघतो तो फक्त शिव्या द्यायला.

ही सवय चोरांनी नेमकी हेरली. ढाक्यात बांगलादेश बँकेच्या दहाव्या मजल्यावर एक प्रिंटर होता. स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून होणाऱ्या व्यवहारांचे संदेश तो आपोआप छापायचा. 5 फेब्रुवारी 2016, शुक्रवार, तिथला सुट्टीचा दिवस. प्रिंटर बंद. ड्युटीवरच्या लोकांना वाटलं, नेहमीचंच आहे, उद्या बघू. त्यांना हसू नये. प्रिंटर बंद पडल्याचं नवल वाटणारा कारकून अजून जन्माला यायचाय. पण या वेळी तो चोरांच्या सॉफ्टवेअरने बंद पाडला होता. पुढे तो सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे, हे व्यवहार खरंच तुमचे का, असं विचारणारे कागद धडाधड बाहेर आले. बांगलादेश बँकेच्या तिथल्या खात्यातून चोरांनी मागणी केली होती 95 कोटी 10 लाख डॉलरची. त्यातले 8 कोटी 10 लाख तोवर मनिलाच्या वाटेने गेले होते, आणि तिथून बरेचसे कॅसिनोत.

हे सगळं मी परवा जेवणाच्या सुट्टीत साहेबांना सांगितलं. ते गंभीर झाले. सुरक्षेसंबंधी एक परिपत्रक काढा म्हणाले, वीस प्रती.

त्या अजून निघालेल्या नाहीत. आज शुक्रवार, सकाळपासून आमचा प्रिंटर बंद आहे. सावंतबाईंनी दोनदा बंद-चालू करून पाहिला, एकदा हलवूनही. मेन्टेनन्सवाल्या पोराला फोन केलाय. सोमवारी येतो म्हणाला.